प्रत, पाठ आणि प्रताधिकार

‘कॉपीराइट’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन पर्याय रूढ आहेत : ‘स्वामित्वहक्क’ आणि ‘प्रताधिकार’. व्यवहारात ते समानार्थी म्हणून वापरले जात असले, तरी त्यांच्या पोटात दोन भिन्न कल्पना आहेत. ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द मालकाकडे पाहतो. जमीन, घर वा विहीर यांच्याप्रमाणे साहित्यकृतीलाही एक धनी असतो, हे त्याचे गृहीतकृत्य. ‘प्रताधिकार’ हा शब्द मालकाकडे न पाहता वस्तूकडे पाहतो, आणि ती वस्तू म्हणजे ‘प्रत’. ही प्रत म्हणजे नेमके काय, याची ओळख कायदेपंडितापेक्षा मराठीच्या अभ्यासकाला अधिक असावयास हवी. हस्तलिखितांच्या अभ्यासात प्रत म्हणजे कोणीतरी, कोठेतरी, कोणत्या तरी आधीच्या प्रतीवरून उतरून घेतलेली एक विशिष्ट पोथी. तिच्यात पाठ असतात, पाठभेद असतात, लेखनिकाच्या चुका असतात, आणि त्याने श्रद्धेने घातलेली भरही असते. कोणतीही प्रत दुसऱ्या प्रतीसारखी तंतोतंत नसते, या अनुभवातूनच पाठचिकित्सा जन्माला आली. कायद्याच्या लेखी मात्र प्रत ही कृतीची निव्वळ पुनरावृत्ती असते, आणि ती किती निष्ठेने उतरली आहे हा प्रश्न त्याच्यापुढे फारसा येतच नाही.

या फरकाकडे मराठी समीक्षेने जवळजवळ लक्ष दिलेले नाही. एखाद्या लेखकाचे हक्क संपले की ‘आता हे साहित्य सर्वांचे झाले’ असे समाधानाने म्हटले जाते. म्हणणे खोटे नाही. परंतु सर्वांचे झाले ते काय? कृती झाली, की तिचा पाठही झाला? आणि पाठ सर्वांचा झाला असेल, तर त्याची राखण कोणाकडे आली? प्रताधिकाराच्या चर्चेत साहित्याच्या अभ्यासकाने शिरावयाचे ते मुख्यतः या प्रश्नासाठी. मानधन, करार आणि प्रकाशकांचे हिशेब हे विषय महत्त्वाचे असले तरी ते इतरत्र चर्चिले गेले आहेत.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. १८४७ च्या कायद्याने लेखकाचे आयुष्य आणि त्यापुढील ७ वर्षे, किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षे, यांपैकी जो काळ अधिक तेवढे संरक्षण दिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर’ केल्याचा जो उल्लेख आढळतो, तो मुद्रणालये व ग्रंथनोंदणीसंबंधीच्या कायद्याचा. वाचकावर त्याचा परिणाम मात्र मालकीच्या पाटीसारखा होत असला पाहिजे. १९१४ च्या कायद्याने ब्रिटिशांचा १९११ चा कायदा काही फेरफार करून येथे लागू केला आणि मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत आणली. याच कायद्यात भाषांतराविषयी एक लक्षणीय सवलत होती. येथे प्रथम प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा एकाधिकार प्रकाशनापासून केवळ १० वर्षे टिके. त्या अवधीत लेखकाने स्वतः वा त्याच्या अनुमतीने एखाद्या भाषेत भाषांतर निघाले, तर त्या भाषेपुरता तो पुढे चाले. भारतीय भाषांमधल्या, विशेषतः बंगालीतून मराठीत आलेल्या कादंबऱ्यांचा इतिहास लिहिताना ही तरतूद विचारात घेतली जात नाही, हे नवलच म्हटले पाहिजे. पुढे १९५७ चा कायदा आला आणि तो १९५८ च्या जानेवारीत अंमलात आला. त्यानेही ५० वर्षांचीच मुदत ठेवली होती. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या जानेवारीपासून ती मोजावयाची असते.

ही मुदत ६० वर्षांवर गेली ती रवींद्रनाथांमुळे. त्यांचे निधन १९४१ मधले. म्हणजे १९९१ च्या अखेरीस त्यांचे साहित्य प्रताधिकारमुक्त व्हावयाचे होते. विश्वभारतीकडे असलेले हे हक्क सुटू नयेत यासाठी त्याच डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत अध्यादेश निघाला आणि १९९२ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या घटनेची चर्चा बंगालमध्ये आणि बंगालच्या संदर्भात पुष्कळ झाली. मराठीत तिचे पडसाद उमटले नाहीत, आणि त्यामुळे एक योगायोग दृष्टिआड राहिला. भा. रा. तांबे यांचे निधनही १९४१ मधलेच. रवींद्रनाथांसाठी ओढलेली रेघ ग्वाल्हेरच्या या कवीवरूनही गेली. त्यांची कविता १ जानेवारी १९९२ रोजी मोकळी व्हावयाची, ती २००२ मध्ये झाली. मराठी वाचकाच्या दहा वर्षांचा हा निर्णय मराठी साहित्याचा विचार न करता झाला, आणि तो झाला हेही मराठी साहित्यव्यवहाराच्या ध्यानात आले नाही.

तांब्यांच्या उदाहरणात आणखी एक गुंता आहे. ‘तांबे यांची समग्र कविता’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे संपादन माधव जूलियन यांनी केले होते. छंदःशास्त्राचा एवढा मोठा अधिकारी संपादक फार थोड्या कवींच्या वाट्याला येतो. माधवराव पटवर्धन १९३९ मध्ये, कवीच्या आधी दोन वर्षे, निवर्तले. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क १९८९ च्या अखेरीस संपले, आणि एकदा संपलेले हक्क नव्या दुरुस्तीने पुनरुज्जीवित होत नव्हते. परिणाम असा की १९९० पासून बारा वर्षे त्या ग्रंथातील संपादकाचे जे काही होते ते सर्वांचे होते, आणि कवीचे जे होते ते बंदिस्त होते. एकाच बांधणीत, क्वचित एकाच पृष्ठावर, दोन कालमाने नांदत होती. आपण ‘पुस्तक’ म्हणून जे एकसंध मानतो ते कायद्याच्या दृष्टीने थरांचे बनलेले असते. पाठचिकित्सकालाही ते थरांचेच दिसते, पण त्याचे थर निराळे असतात, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

कायद्यातील ‘लेखक’ ही संकल्पना इतिहासात घडलेली आहे, हे आता सर्वपरिचित आहे. इंग्लंडातील १७१० चा कायदा, १७७४ मधील डोनाल्डसन विरुद्ध बेकेट हा निवाडा आणि त्यातून मुदतबद्ध मालकीचे तत्त्व प्रस्थापित होणे ही कथा फूकोच्या ‘लेखक म्हणजे काय’ या प्रश्नानंतर अनेकांनी सांगितली. बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली त्याला अर्धशतक उलटून गेले. गंमत अशी की लेखकाच्या मृत्यूचा खराखुरा हिशेब ठेवणारी संस्था कायदा हीच आहे : त्याची सारी कालगणना मृत्यूपासून सुरू होते. मात्र या सिद्धान्तांचे मराठीत आपण जे उपयोजन केले, त्यात या भाषेची स्वतःची कर्तृत्वव्यवस्था तपासून पाहण्याचे राहून गेले.

ती व्यवस्था म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी येणारे संतांचे नाव, लावणीच्या वा पोवाड्याच्या अखेरीस शाहीर गुंफतो ते नाव हे स्वामित्वाची पाटी नव्हे. ते उच्चारणाऱ्याला कोणी अडवीत नाही. उलट ते उच्चारले जावे याचसाठी ते तेथे असते. गाणारा, उतरून घेणारा, कीर्तनात निरूपण करणारा अशा सर्वांना रचना मोकळी आहे, अट एवढीच की नाव पुढे न्यावे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही व्यवस्था श्रेय राखते आणि वापर मोकळा सोडते. एवढ्यावरून ‘आमच्याकडे सार्वजनिकतेची कल्पना आधीपासूनच होती’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरावयास हवा. कारण या व्यवस्थेला स्वतःचा रोग होता. आधुनिक चोर दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपवतो. नाममुद्रेच्या जगात आपले लेखन दुसऱ्याच्या नावावर खपवले जाते. तुकोबांच्या नावाने किती जणांनी अभंग रचले याचा हिशेब लागत नाही. वाङ्मयचौर्याची कल्पना या प्रकाराला लागू पडत नाही. येथे चोरी झालीच असेल तर ती नावाची झाली. प्रक्षेप हा मुक्ततेचा सख्खा भाऊ आहे.

परंपरेला याची जाणीव नव्हती असे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असे पुढच्यांना बजावूनही ठेवले. हे बजावणे म्हणजे प्रताधिकार नव्हे. ज्ञानेश्वरी कोणी लिहून घेऊ नये असे नाथ सांगत नाहीत, हवी तेवढी घ्यावी, पण पाठ बिघडवू नये, एवढेच त्यांचे सांगणे. महानुभावांनी दुसरे टोक गाठले. त्यांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी उलगडा करीपर्यंत ते पंथाबाहेरच्या वाचकाला जवळपास नव्हतेच. कोणताही कायदा नसताना एक वाङ्मय शतकानुशतके बंद राहू शकते, आणि ते तसे राहिल्यामुळे प्रक्षेपांपासून काही अंशी वाचूही शकते. मुक्त असणे, उपलब्ध असणे आणि शाबूत असणे या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. प्रताधिकाराची मुदत संपणे म्हणजे यांपैकी केवळ पहिली.

आधुनिक वाङ्मयात शाबूतपणाचा प्रश्न कसा उभा राहतो, याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे मात्र नव्या नियमांनुसार छापावे, असा स्पष्ट निर्देश या नियमांत आहे. म्हणजे जे वाङ्मय आज प्रताधिकारमुक्त आहे, पण अर्वाचीन आहे, ते नेमके या रेषेच्या अलीकडे पडते. केशवसुत, बालकवी, गडकरी, हरिभाऊ, लक्ष्मीबाई टिळक, तांबे, साने गुरुजी या सर्वांच्या पुनर्मुद्रणात पाठ बदलण्याची मुभा, किंबहुना आज्ञाच, भाषेच्या मान्यवर संस्थेने देऊन ठेवली आहे.

बदल वरवरचा आहे असे म्हटले जाईल. गद्यात तो पुष्कळदा तसा असतोही. तरी ‘तें’ आणि ‘ते’, ‘जें’ आणि ‘जे’ यांतील लेखनभेद पुसला की नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन डोळ्यांना एकच दिसू लागतात, आणि लांबलचक वाक्यरचना करणाऱ्या जुन्या गद्यकाराचा अन्वय लावताना आजचा विद्यार्थी अडखळतो. मग दोष लेखकाच्या क्लिष्टतेला दिला जातो. पद्यात प्रश्न अधिक गंभीर होतो. जुन्या लेखनात ‘कवि’ हा शब्द दोन लघूंचा आहे. नव्या नियमाने तो ‘कवी’ झाला की एक लघू व एक गुरू. मात्रावृत्तात एक मात्रा वाढली, अक्षरगणवृत्तात गणच बदलला. वृत्ताच्या बंधनापायी ऱ्हस्वदीर्घाबाबत कवीला मोकळीक असावी, असे नियम सांगतात खरे. पण ही मोकळीक कवीला आहे, आणि ज्यांची मुदत संपली आहे ते कवी ती वापरावयास हयात नाहीत. त्यांच्या वतीने ती कोणी वापरावयाची? हक्क चालू असतो तोवर वारस असतात, मूळ प्रकाशक असतो, निदान तक्रारीचा एक पत्ता असतो. मुदत संपताच हा पत्ता नाहीसा होतो.

साने गुरुजींचे निधन १९५० मधले. त्यामुळे १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून कोणालाही छापता येऊ लागली. स्वस्त आवृत्त्या, मुलांसाठीचे संक्षेप यांना वाव मिळाला, आणि ज्या पुस्तकाने वाचकांच्या पिढ्या घडवल्या त्याच्या बाबतीत हे स्वागतार्हच आहे. परंतु हे पुस्तक ‘रात्रीं’च्या क्रमाने रचलेले आहे, कथनाचा एक प्रसंग आणि त्याभोवती जमलेले श्रोते हा त्याचा सांगाडा आहे. संक्षेप करताना या चौकटीला हात लागला तर उरते ते बोधकथांचे पुस्तक. गुरुजींवर भाबडेपणाचा जो आरोप होतो, त्याचा निवाडा करण्यापूर्वी आरोप करणाऱ्याच्या हातात कोणती प्रत होती, हे विचारणे गैर ठरू नये.

कायद्यात यावर काहीच उपाय नाही असे नाही. १९५७ च्या कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला मालकीहून वेगळे असे दोन हक्क देते : कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि तिच्या विपर्यासाला आक्षेप घेण्याचा. हक्क विकल्यावरही ते उरतात; मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वरील चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या कलमाला मोठे बळ दिले. १९९४ च्या दुरुस्तीने विपर्यासाविरुद्धच्या हक्काला प्रताधिकाराच्या मुदतीची मर्यादा घातली होती, ती २०१२ च्या दुरुस्तीने काढून टाकली. कागदोपत्री तरी आता मुक्त झालेल्या कृतीचाही विपर्यास करता येत नाही. पण या कलमाची कसोटी लेखकाची प्रतिष्ठा ही आहे, पाठाची अचूकता ही नाही. ‘कवि’चे ‘कवी’ केल्याने केशवसुतांची अप्रतिष्ठा झाली असे कोणते न्यायालय मानील? आणि मानावे तरी का? हा प्रश्न कायद्याच्या शाखेचा नव्हे. तो समीक्षेच्या घरचा आहे, आणि घरचे लोक बाहेर गेलेले आहेत.

घरचे लोक बाहेर का गेले, याचेही एक कारण प्रताधिकाराच्या तत्त्वातच दडलेले आहे. कायदा संरक्षण देतो ते नवनिर्मितीला. पाठसंपादकाची महत्त्वाकांक्षा नेमकी उलट असते. दहा पोथ्या ताडून, प्रक्षेप बाजूला सारून, लेखनिकाच्या चुका ओळखून तो जी संहिता सिद्ध करतो तिच्यात त्याचे स्वतःचे एक अक्षरही नसावे, हेच त्याचे यश. जितके काम उत्तम तितका त्याचा स्वतःचा वाटा शून्याकडे जाणारा. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात २००७ साली जो निर्णय दिला तो न्यायनिवाड्यांच्या संपादित पाठाविषयी होता, पण त्याचे तर्कशास्त्र पोथीलाही लागू पडते. केवळ श्रम पुरेसे नाहीत, कौशल्य व विवेक यांसोबत किमान सर्जकता हवी, असे न्यायालयाने म्हटले. मुद्रणदोष व अशुद्धे दुरुस्त करणे, संदर्भ पुरे करणे या कामांना संरक्षण नाकारले गेले. परिच्छेद पाडणे, अंतर्गत संदर्भ जोडणे, कोणता न्यायमूर्ती सहमत व कोणता असहमत हे नोंदवणे यांना ते मिळाले. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या, पाठ कोणाचाच नाही. ज्यासाठी आयुष्य घालवले तो भाग दुसऱ्या दिवशी कोणीही उचलावा, आणि ज्या टिपा त्याच्या आधारासाठी लिहिल्या त्या मात्र सुरक्षित राहाव्यात, अशी ही विभागणी आहे.

इतर देशांनी या कोड्याची निरनिराळी उत्तरे दिली. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांपैकी एका ग्रंथाची तुकड्यांतून पुनर्रचना करणाऱ्या एलिशा किमरॉन यांचा हक्क इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मान्य केला. पॅरिसच्या न्यायालयाने २०१४ मध्ये मध्ययुगीन ग्रंथांच्या चिकित्सित पाठाला असे संरक्षण नाकारले. जर्मन कायदा शास्त्रीय आवृत्तीला प्रकाशनापासून २५ वर्षांचा स्वतंत्र, मर्यादित हक्क देतो. यांतील इस्रायली उत्तर वरकरणी संपादकाच्या बाजूचे आहे, पण ते अभ्यासाच्या मुळावर येणारे आहे. हक्क मिळवायचा तर संपादकाला ‘हा पाठ माझ्या प्रतिभेने निर्माण झाला’ असे म्हणावे लागते, आणि ‘हा पाठ प्राचीनांचा आहे’ या त्याच्या शास्त्रीय दाव्याला ते छेद देते. न्यायालयात जिंकलेला संपादक विद्वत्सभेत हरतो. जर्मन तोडगा अधिक समंजस आहे : तो सर्जकतेचे सोंग आणावयास लावीत नाही, श्रमांना श्रम म्हणून काही काळ मान देतो.

तथापि मराठीसाठी तोही अनिवार्य नाही, कारण मराठीने फार पूर्वी एक वेगळी वाट काढलेली होती. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, पंढरपूर आदी ठिकाणच्या पोथ्यांवरून सिद्ध केलेली तुकारामांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघाली, ती सरकारी साहाय्याने. पुढे १९५० मध्ये मुंबई सरकारने हीच संहिता पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा काढली. संपादनाचा खर्च सार्वजनिक, आणि म्हणून सिद्ध झालेला पाठही सार्वजनिक, असे हे गणित होते. त्याविरुद्ध वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ काढला. त्या नावातील ‘अस्सल’ हा शब्द बोलका आहे. भावे मालकी सांगत नाहीत. ते आपली प्रत सांगतात, आणि वाद घालण्याचे आवाहन करतात. वाद झालाही. तुकारामांच्या कवितेची निगा जी काही राखली गेली ती या वादांनी राखली.

केशवसुतांनंतरच्या कवितेच्या वाट्याला असे वाद आले नाहीत. हक्क चालू होते तेव्हा ते काम वारसांचे व प्रकाशकांचे आहे असे समजले गेले. हक्क संपले तेव्हा ते कोणाचेच राहिले नाही. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली आहे. जुन्या आवृत्तीच्या पानाची प्रतिमा आणि टंकित पाठ शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत मराठी विकिस्रोतासारख्या प्रकल्पांनी रूढ केली. त्यामुळे वाचकाला निदान पाठ कोणत्या प्रतीवरून आला ते तपासता येते. छापील पुनर्मुद्रणांत एवढेही क्वचितच आढळते. ‘नवी आवृत्ती’ असे लिहिलेले असते. ती कोणत्या आवृत्तीवरून घेतली, लेखन कोणी बदलले, काय गाळले, याचा उल्लेख नसतो. विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात ते अशा पुस्तकांवर, आणि संदर्भसूचीत छापले जाते ते हाताशी असलेल्या पुनर्मुद्रणाचे वर्ष. कवीच्या शैलीविषयीचे निष्कर्ष कधी कधी जुळाऱ्याच्या सवयींविषयीचे निघतात.

प्रताधिकारमुक्त कृती छापणाऱ्याने आधारभूत आवृत्ती आणि केलेले बदल नोंदवावेत, एवढी साधी अट अभ्यासमंडळांना पाठ्यपुस्तक नेमताना घालता येईल. त्यासाठी कायदा बदलावयास नको. महामंडळाच्या नियमांतील केशवसुतांची रेघ हक्कांच्या रेघेबरोबर पुढे सरकवता येईल काय, हाही विचार व्हावा : ज्या लेखकाची मुदत संपली त्याचे पद्य मूळाप्रमाणे छापावे, एवढा बदल पुरेसा आहे. तांब्यांची कविता मोकळी होऊन दोन दशके उलटली. तिचा पाठ १९३५ च्या प्रतीशी ताडून पाहण्याचे काम, छंदाची जाण असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला, कोणाचीही परवानगी न घेता उद्या हाती घेता येईल.